मातीतलं औषध: समज आणि वस्तुस्थिती

पहिला पाऊस पडला की पुण्यातल्या वारज्याच्या टेकडीवर, नागरी वनात जो वास सुटतो, तो बराचसा जिओस्मिन या रसायनाचा असतो आणि ते बनवतात स्ट्रेप्टोमायसिस गटातले जिवाणू. ‘मातीतले जंतू म्हणजे रोगराई’ असं ठामपणे म्हणणाऱ्यांनी क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन आठवावं. तेही याच गटाचं देणं.

असे जिवाणू शोधायला दूरची जंगलं तुडवावी लागतात, हाही एक समज. व्हॅन्कोमायसिन हे औषध देणारा जिवाणू बोर्निओच्या मातीत सापडला, हे खरं. पण वारज्यापासून पंधरा-वीस किलोमीटरवर पिंपरी आहे. तिथे 1954 साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. कारखान्याच्या प्रयोगशाळेत डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी मातीतल्या एका जिवाणूपासून बुरशीनाशक हॅमायसिन मिळवलं. 1961 च्या सुमारास ते प्रसिद्ध झालं. जिवाणूचं नाव ठेवलं स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. पिंपरी शास्त्रीय नावात जाऊन बसली, हे पिंपरीकरांनाही फारसं ठाऊक नसावं.

सगळ्यात मोठा गैरसमज मात्र बातम्यांमुळे पसरतो: जंतू मेले, म्हणजे औषध सापडलं. प्रयोगशाळेत काय होतं ते पाहा. चार बोटं खोलवरची माती घेतात, वाळवतात, पाण्यात टप्प्याटप्प्याने पातळ करतात आणि खळीसारख्या थरावर पसरतात. घाईचे जिवाणू दोन दिवसांत उगवतात. हवे असलेले आठवडाभर वाट पाहायला लावतात. मग खडूची पूड सांडल्यासारखे कोरडे, पांढुरके ठिपके दिसतात. त्यातला एकेक उचलून रोगजंतूंच्या शेजारी वाढवायचा. भोवती जंतू न वाढलेलं स्वच्छ कडं पडलं, की संशोधकाचा चेहरा खुलतो.

असं कडं पडणं फारसं दुर्मीळ नाही. बहुतेक वेळा ते जुन्याच, माहीत असलेल्या रसायनाचं निघतं. नवं असलं तरी माणसाला सोसेलच असं नाही. सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत 1940 साली मिळालेलं ॲक्टिनोमायसिन इतकं विषारी होतं की संसर्गावर देताच येईना. पुढे ते कर्करोगावर वापरलं गेलं. त्यांच्याकडचंच स्ट्रेप्टोथ्रिसिन मूत्रपिंडांना बाधलं. तिथलंच स्ट्रेप्टोमायसिन 1943 चं, म्हणजे या दोन्हींनंतरचं.

औषधाला न जुमानणारे जंतू केवळ माणसाच्या गोळ्यांनी घडवले, हेही अर्धसत्य. कॅनडातल्या तीस हजार वर्षं गोठलेल्या मातीतही प्रतिकाराची जनुकं सापडली आहेत. गोळ्यांच्या बेसुमार वापराने अशा जंतूंचं आयतंच फावलं.

राहिला घरगुती उपाय. मातीत औषध असतं म्हणून जखमेवर माती चोपडणं धोक्याचं आहे, कारण धनुर्वाताचे बीजाणूही मातीतच असतात. जखम वाहत्या पाण्याने धुवावी आणि धनुर्वाताचं इंजेक्शन लागेल का, हे डॉक्टरांना विचारावं.