घरफोडीचा अलार्म: पैसे वसूल होतात का?

सुट्ट्या लागल्या, लग्नसराई सुरू झाली किंवा कुणी उमऱ्याला निघालं की हा प्रश्न हमखास निघतो: "सर, घराला अलार्म बसवून घेऊ का? फायदा होतो का, की नुसता खर्च?" पिंपळी, लिमटेक, काटेवाडीपासून इंदापूरपर्यंत आता पक्की घरं झालीत, पण बरीचशी वस्तीपासून लांब, रानात आहेत. ऊस उभा असला की घरामागे माणूस उभा असला तरी दिसत नाही. बाजारात दोनशे रुपयांपासून तीस हजारांपर्यंतचे अलार्म मिळतात, आणि दुकानदार प्रत्येक वस्तू "एकदम बेस्ट" म्हणूनच विकतो. म्हणून हा हिशेब आम्ही इथे सविस्तर मांडत आहोत.

कुणी म्हणेल, राखणारा अल्लाह आहे, मग भोंगा कशाला? तिर्मिज़ी शरीफमधली उंटाची हदीस आपण सगळ्यांनी ऐकली आहे. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असं विचारणाऱ्याला रसूलुल्लाह (स.) यांनी आधी उंट बांधायला सांगितलं. बांधायचं हे ठरलेलंच आहे. प्रश्न एवढाच, की दोरी कोणती घ्यायची.

अलार्म चालतो कसा?

विजेवर चालणाऱ्या घरफोडी अलार्मचं पहिलं पेटंट अमेरिकेत १८५३ साली ऑगस्टस पोप यांनी घेतलं. दार उघडलं की सर्किट पूर्ण होतं आणि घंटा वाजते, एवढीच त्यातली कल्पना. आजही मूळ तत्त्व फारसं बदललेलं नाही. दाराच्या फळीला एक लोहचुंबक आणि चौकटीला एक छोटा स्विच लावतात. दार उघडलं की चुंबक लांब जातो आणि भोंगा सुरू होतो. शाळेत विज्ञानाच्या तासाला सर्किट शिकलेल्या मुलाला हे पाच मिनिटांत समजतं.

दुसरा प्रकार हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरचा. तो माणसाच्या शरीराची उष्णता टिपतो. आजूबाजूच्या थंड हवेत गरम शरीर हललं की त्याला कळतं.

तिसरा प्रकार सिमकार्डवाला. सेन्सरला काही जाणवलं की भोंगा वाजतो आणि शिवाय तुमच्या व नातेवाइकांच्या मोबाइलवर फोन जातो. घर बंद करून बाहेरगावी जाणाऱ्यांना खरा उपयोग याचाच.

आपल्याकडच्या अडचणी

पहिली अडचण उन्हाची. एप्रिल-मेमध्ये बारामतीत पारा चाळिशीला टेकतो. पत्र्याच्या खोलीतली हवा अंगाइतकीच तापली की उष्णतेवर चालणारा सेन्सर मंदावतो, कारण माणूस आणि हवा यांतला फरकच उरत नाही. म्हणजे ज्या दिवसांत घरं बंद असतात, त्याच दिवसांत तो कच्चा पडतो. पत्र्याच्या घराला म्हणूनच दाराचा चुंबकवाला सेन्सर जास्त भरवशाचा.

दुसरी अडचण लाइटची. वीज गेली की वायफाय बंद आणि वायफायवर चालणारा कॅमेरा व अलार्मही बंद. बॅटरी बॅकअप नसलेला अलार्म घेऊच नये. बॅटरीही दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते, हे विकताना कुणी सांगत नाही.

तिसरी अडचण सिमची. रिचार्ज संपलं की अलार्म मुका होतो. सिम घरातल्याच कुणाच्या तरी नावावर असावं आणि रिचार्ज वर्षभराचं मारावं.

चौथी अडचण खोट्या भोंग्याची. मांजर आलं, पडदा हलला, पाहुण्याने दार उघडलं, की भोंगा सुरू. अमेरिकेत पोलिसांकडे येणाऱ्या अलार्मच्या सूचनांपैकी शंभरात नव्वदहून जास्त खोट्या निघतात. भोंगा आठवड्यातून दोनदा उगाच वाजला, तर तिसऱ्यांदा शेजारी कूसही बदलत नाही. मग तो अलार्म असून नसल्यासारखा.

चोर घाबरतो का?

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या शार्लट इथल्या संशोधकांनी ४२२ शिक्षा झालेल्या घरफोड्यांनाच हा प्रश्न विचारला होता. त्यांचा अहवाल २०१२ साली तयार झाला. जवळजवळ ८३ टक्के म्हणाले, आम्ही आधी अलार्म आहे का ते बघतो. सुमारे ६० टक्के म्हणाले, अलार्म असेल तर दुसरं घर शोधतो. म्हणजे संधी साधून शिरणाऱ्या चोरावर अलार्मचा परिणाम होतो. पण यातच दुसरी गोष्टही आहे: चोर दुसरं घर शोधतो, आणि ते शेजाऱ्याचंही असू शकतं.

माहिती काढून, ठरवून येणाऱ्यांचं काय? एप्रिल २०२३ मध्ये बारामतीच्या देवकातेनगरमध्ये पडलेला दरोडा आपल्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. घरात महिला असताना दरोडेखोर शिरले, तिला बांधलं आणि एक कोटीहून जास्त ऐवज नेला. पुणे ग्रामीण पोलिसांनी काही महिन्यांत आरोपी पकडले, तेव्हा कळलं की त्यांनी एका ज्योतिषाकडून दरोड्याचा मुहूर्तही काढून घेतला होता! गंमत बाजूला ठेवली तर धडा मोठा आहे. घरात माणसं असताना अलार्म बहुधा बंदच असतो. अशा वेळी कामाला येतं ते पॅनिक बटण, म्हणजे हाताशी ठेवलेलं छोटं बटण, जे दाबताच भोंगा वाजतो. रमजानमध्ये तरावीहच्या वेळी पुरुष मंडळी मशिदीत आणि घरी बायका, मुलं, म्हातारी माणसं. रानातल्या घरात या बटणाची किंमत तेव्हा समजते. सिमवाल्या बऱ्याच अलार्मबरोबर हे बटण येतं. घेताना विचारून घ्या.

आता हिशेब

भाव दुकानागणिक बदलतात, पण अंदाज असा:

– दाराला चिकटवायचा सेलवरचा अलार्म: दोनशे ते पाचशे रुपये.
– सिमवाला संच, दोन-तीन सेन्सर, भोंगा आणि बटणासह: पाच ते दहा हजार.
– चार कॅमेरे आणि रेकॉर्डिंगची पेटी: पंधरा-वीस हजार.

सहा हजारांचा सिमवाला संच धरा. बसवायला हजार, पाच वर्षांचं रिचार्ज साडेसात हजार, एकदा बॅटरी हजार. पाच वर्षांत साडेपंधरा हजार, म्हणजे वर्षाला तीन हजारांच्या आसपास.

दुसऱ्या बाजूला काय आहे? २०२५ साली दहा ग्रॅम सोन्याने लाखाचा टप्पा ओलांडला. घरात पाच तोळे असतील तर पाच लाखांहून जास्त माल कपाटात आहे. तेव्हा वर्षाला तीन हजार फार नाहीत. पण तेच सोनं बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलं, तर वर्षाला दीड-दोन हजार भाड्यात घरातली मुख्य जोखीमच निघून जाते. मग उरलेल्या घरासाठी पाचशे रुपयांचा अलार्म आणि चांगलं कुलूप पुरतं.

व्याज नको म्हणून आपल्यातली बरीच कुटुंबं बँकेपासून लांब राहतात आणि सोनं-रोकड घरातच ठेवतात. लॉकर ही भाड्याने घेतलेली जागा आहे, त्यात ठेवलेल्या सोन्यावर व्याज येत नाही. मनात शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारा, पण न विचारता कपाटात लाखो रुपये ठेवू नका. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे लॉकर फुटला किंवा बँकेच्या कर्मचाऱ्याने फसवणूक केली, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पट असते. दोन हजार भाडं असेल तर दोन लाख. म्हणजे लॉकरलाही मर्यादा आहे, हे ठाऊक असावं.

कॅमेऱ्याबद्दल एकच सांगतो. कॅमेरा चोर थांबवत नाही, चोरी झाल्यावर तपासाला मदत करतो. रेकॉर्डिंगची पेटी हॉलमध्ये टीव्हीखाली असेल तर चोर तीही घेऊन जातो.

अमानत आणि जकातीची यादी

कुणाच्या घरी भिशीचे पैसे असतात, कुणाकडे मशिदीचा चंदा, कुणाकडे सासरी असलेल्या बहिणीचे दागिने. ही अमानत आहे. शरीयतमध्ये पुरेशी काळजी घेऊनही अमानत गेली तर ठेवणाऱ्यावर भरपाई येत नाही, पण हलगर्जी केली तर येते. उघड्या कपाटात ठेवून लग्नाला निघून जाणं याला काळजी कसं म्हणणार? चंदा जमला की दुसऱ्या दिवशी जमातीच्या बँक खात्यात भरावा. रोकड घरात जितकी कमी रात्री राहील तितकं बरं.

दुसरं असं, की साहिबे निसाब कुटुंब दरवर्षी जकातीसाठी सोन्या-चांदीचा हिशेब करतंच. तीच यादी नीट लिहून ठेवा: दागिना, वजन, पावती आणि मोबाइलवर एक फोटो. चोरी झाल्यावर फिर्याद देताना "दोन बांगड्या होत्या" एवढ्यावर भागत नाही, आणि माल सापडला तरी तो आपलाच हे दाखवावं लागतं. या यादीला एक रुपयाही खर्च नाही. फिर्यादीची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या.

भोंगा वाजला, तर येणार कोण?

अलार्मचा खरा कस इथे लागतो. भोंगा फक्त हाक मारतो, धावून माणसंच येतात. म्हणून अलार्म घ्यायच्या आधी दोन शेजाऱ्यांशी बोला. ते कोणत्या धर्माचे, कोणत्या जातीचे हा प्रश्नच नाही. शेजाऱ्याचा हक आपल्या दीनने सगळ्यांसाठीच सांगितला आहे. ईदला त्यांनी आपल्या घरावर नजर ठेवावी आणि ते वारीला, जत्रेला गेले की आपण त्यांच्या. पुणे जिल्ह्यातल्या अनेक गावांत ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे. एका फोनवर गावातल्या नोंद केलेल्या सगळ्या नंबरांवर आवाज जातो. आपला नंबर त्यात आहे का, हे ग्रामपंचायतीत विचारा. पोलिसांसाठी ११२.

आणि एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. भोंग्यावर धावलेल्या लोकांनी हात उगारायचा नाही. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी मुलं पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारलं. पालघरच्या गडचिंचले इथे १६ एप्रिल २०२० रोजी चोरांच्या अफवेतून दोन साधू आणि त्यांच्या चालकाचा जीव गेला. रात्री अनोळखी दिसणारा प्रत्येक माणूस चोर नसतो. जमावाच्या संशयाची किंमत काय असते, हे आपल्या समाजाला वेगळं सांगायला नको. पळून जाणाऱ्याचा फोटो काढा, सापडलेल्याला बसवून ठेवा, ११२ ला फोन करा. गेलेले दागिने पुन्हा घडवता येतात, गेलेला जीव परत येत नाही.

मग करावं काय?

आधी दार. आपल्याकडच्या बातम्यांत "कडीकोयंडा तोडून" हे शब्द नेहमी दिसतात, कारण बाहेर लटकणारं कुलूप कटावणीने निघतं. दारात बसणारं आतलं कुलूप, बाहेर लोखंडी जाळीचं दार आणि मागच्या दाराला आडणा, एवढं आधी करा. मग अंगणात माणूस हलला की लागणारा दिवा. त्यानंतर सोनं लॉकरमध्ये.

वस्तीत, शेजारी भिंतीला भिंत असलेल्या घराला दाराचा साधा अलार्म पुरे. रानातलं घर, एकटे राहणारे आई-वडील किंवा वारंवार बंद राहणारं घर असेल तर बटणासह सिमवाला संच घ्या, पैसे वाया जाणार नाहीत. भाड्याच्या दोन खोल्या आणि घरात सोनं नाही, तर अलार्मचे पैसे मुलांच्या फीला ठेवा.

आणि उमऱ्याला निघताना हार घातलेले फोटो स्टेटसला टाकायची घाई करू नका. दुआ लोक परत आल्यावरही देतात. इंशाअल्लाह, घरही शाबूत मिळेल.