पुरुष मंडळी, जेवणाच्या रांगेतच थांबा!



गणेशोत्सवात आम्ही रक्तदाब तपासायचे टेबल हॉलच्या दाराशी मांडले होते. महिला आल्या, भारतातून आलेले आई-बाबा आले. तिशी-चाळिशीतले पुरुष मात्र "हिचं तपासा, मी ठणठणीत आहे" म्हणत सटकले. शेवटी आमच्या एका वहिनींनी टेबल महाप्रसादाच्या रांगेला खेटून लावले. ताट सोडून पळणार कुठे?

हीच युक्ती अमेरिकेत पद्धतशीरपणे करून पाहिली गेली आहे. कृष्णवर्णीय पुरुषांत उच्च रक्तदाबाचे प्रमाण मोठे, पण दवाखान्याकडे फिरकणे कमी. म्हणून लॉस एंजेलिसमध्ये डॉ. रोनाल्ड व्हिक्टर यांच्या गटाने थेट ५२ केशकर्तनालये गाठली. काही ठिकाणी न्हावी फक्त "डॉक्टरकडे जा" असे सांगत. बाकी ठिकाणी फार्मासिस्ट दुकानातच येऊन औषध सुरू करत. २०१८ मध्ये निकाल छापून आला. सहा महिन्यांत वरचा रक्तदाब पहिल्या गटात सरासरी ९ अंकांनी, तर दुसऱ्या गटात तब्बल २७ अंकांनी उतरला होता. नुसता उपदेश आणि जागेवर उपचार यांतला हा फरक!

आता आपले. न्यूझीलंडच्या आरोग्य मंत्रालयाने २०१८ मध्येच सांगितले आहे की माओरी, पॅसिफिक आणि दक्षिण आशियाई पुरुषांनी हृदयविकाराच्या धोक्याची तपासणी ३० व्या वर्षापासून करावी, स्त्रियांनी ४० पासून. इतरांसाठी हीच वये ४५ आणि ५५ आहेत. म्हणजे आपला नंबर पंधरा वर्षे आधी लागतो, कारण आपल्याकडे हृदयविकार आणि मधुमेह लवकर गाठतात, अंगाने सडपातळ असलेल्यांनासुद्धा.

जीपीकडे रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि एचबीएवनसी पाहतात. सहसा उपाशीपोटी जावे लागत नाही. वय, धूम्रपान, घराण्यातला इतिहास हे सगळे इथल्याच रुग्णांच्या माहितीवरून बनवलेल्या सूत्रात घालून पुढच्या पाच वर्षांतला धोका टक्क्यांत निघतो. (आयटीवाल्यांना हे आवडावे.) एचबीएवनसी ४१ ते ४९ म्हणजे मधुमेहाची वेस, ५० पासून मधुमेह. भारतातल्या रिपोर्टात हा आकडा टक्क्यांत असतो. ५० म्हणजे साधारण ६.७.

आणि छातीत दाब आला तर गॅस समजून ओवा चघळत बसू नका, १११ लावा.

त्या दिवशी रांगेतल्या एकाचा रक्तदाब १६८/१०४ निघाला. वय ३६, आमच्याच कार्यकारिणीतला, गाडीची वॉरंट ऑफ फिटनेस कधी न चुकवणारा! पुन्हा मोजला, तोच. सोमवारी तो जीपीकडे गेला. आता रोज गोळी घेतो.

पुढच्या कार्यक्रमातही टेबल रांगेपाशीच असेल. बाही वर सरकेल असा कुर्ता घालून या.