विजेची मोटार : हवा आणि चाक यांचा हिशेब



आपल्यापैकी काहींची मुले पालघर, बोईसर, तारापूरकडे नोकरीला आहेत. त्यांच्यामुळे आता विजेच्या मोटारीची चर्चा घरोघर चालू आहे. कोणी कर्ज काढून घ्यायच्या विचारात आहे. गट ऑफिसात प्रश्न येतो, "साहेब, एका चार्जिंगमध्ये किती जाईल?" याचे उत्तर बरेचसे हवेवर आणि चाकावर आहे.

कंपनीचा आकडा म्हणजे प्रात्यक्षिक प्लॉटचे टनेज. तेवढे आपल्या रानात निघेलच असे नाही. टाटा नेक्सॉनच्या ४५ युनिटच्या बॅटरीला चाचणीत ४८९ किलोमीटर मिळाले. प्रत्यक्ष रस्त्यावर ३५० ते ३७० धरा, असे कंपनीच सांगते. म्हणजे रुपयाला बारा आणे.

हवा : अमेरिकेतील मोटार संघटनेने २०१९ साली विजेच्या गाड्या तपासल्या. ३५ अंश उष्म्यात एसी लावून पल्ला सरासरी १७ टक्के घटला. उणे ७ अंश थंडीत हीटर लावल्यावर ४१ टक्के घटला. पालघरला तसली थंडी नाही, पण उकाडा आणि दमट हवा आहे. दमट हवेतले पाणी काढायलाही एसीला वीज लागते. महामार्गावर गाडी अडकली तर चाक जागेवर, एसी मात्र चालूच. पावसाळ्यात टायरला रस्त्यावरचे पाणी कापावे लागते, समोरचा वारा असेल तर आणखी जोर लागतो.

चाक : लाकडी चाकाची धाव मऊ रानात रुतते, टायरगाडी सहज निघते, हे आपण जाणतोच. रानात ट्रॅक्टरच्या टायरची हवा थोडी कमी ठेवतात. डांबरी रस्त्यावर उलटे आहे. तिथे कमी हवेचा टायर दबतो, तापतो आणि वीज खातो. मोठी रिम आणि रुंद टायर दिसायला झोकदार, पण वजन व वाऱ्याचा अडथळा दोन्ही वाढतात.

वेग आणि घाट : वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ताशी ८० वरून १०० वर गेलात तर तो दीडपटीहून जास्त होतो. जव्हार-मनोर मार्गे पालघरला उतरताना मोटार थोडी वीज परत मिळवते. येताना मात्र सुमारे ६०० मीटर चढायचे असते. माणसांसह १७०० किलोची गाडी एवढी वर न्यायला पावणेतीन युनिट नुसत्या चढालाच लागतात. म्हणून जाताना उरलेल्या चार्जवर परतीचा अंदाज बांधू नये.

एवढे ध्यानात ठेवावे :

१. घेताना कंपनीच्या आकड्याचे बारा आणे धरावेत, पावसाळ्यात त्याहून कमी.

२. टायरची हवा पंधरवड्याला, गाडी थंड असताना, दाराजवळच्या पट्टीवर लिहिल्याप्रमाणे तपासावी.

३. कंपनीने दिलेल्या मापाचेच टायर घालावेत. हौसेने रिम बदलू नये.

४. निघण्यापूर्वी प्लग जोडलेला असतानाच गाडी गार करून घ्यावी.

५. आजारी माणसाला घेऊन जायचे असेल तर पाचवा हिस्सा चार्ज शिल्लक राहील असाच बेत करावा.

हप्ता पाच-सात वर्षे फेडायचा असतो. तेव्हा आपला रोजचा रस्ता आधी मोजा आणि मगच सही करा.

आपला,
ऊस विकास अधिकारी