परसबागेतील लेट्यूस : वाणाची निवड व लागवड

सॅलडची पाने म्हणून ओळखले जाणारे लेट्यूस आपल्याकडे मुख्यतः शहरातील बाजारासाठी पिकविले जाते. परसबागेत मात्र त्याचा अनुभव पुष्कळदा निराशेचा येतो. बी उगवत नाही. उगवलेच तर गड्डा भरत नाही. आणि भरू लागला की मधूनच दांडा वर येऊन पाने कडू होतात. हा दोष जमिनीचा क्वचितच असतो. वाण व पेरणीची वेळ यांची निवड चुकली की असे घडते.

लेट्यूस हे थंड हवेचे पीक होय. सुमारे १२ ते २० अंश सेल्सिअस तापमान त्यास मानवते. उष्मा वाढला व दिवस मोठा झाला की, कांद्यास डेंगळा यावा तसा यास फुलाचा दांडा येतो. त्याच सुमारास पानांतील पांढरा चीक वाढून कडवटपणा येतो, व तो पाणी देऊन जात नाही.

गड्ड्याच्या प्रकारास बाजारात सरसकट आइसबर्ग म्हणतात. अमेरिकेत १९४१ साली प्रसारित झालेला ‘ग्रेट लेक्स’ हा त्यातील प्रसिद्ध वाण. पेरणीपासून गड्डा भरण्यास ७५ ते ९० दिवस लागतात, आणि एवढा काळ सलग थंडी निफाडसारख्या भागात किंवा महाबळेश्वर-पाचगणीच्या उंचीवरच मिळण्याचा भरवसा असतो. उभट पानांचा रोमेन (कॉस) प्रकार मध्यम काळाचा आहे. सुट्या पानांचा प्रकार मात्र ५० ते ६० दिवसांत काढणीस येतो, त्यास गड्डा धरण्याची अडचणच नाही, आणि बाहेरची पाने खुडत गेल्यास तेच झाड अनेक आठवडे पुरते. ‘ग्रँड रॅपिड्स’ व ‘सॅलड बोल’ हे यातील जुने वाण. पैकी दुसरा दांडा उशिरा धरतो. पहिल्यांदाच लागवड करणाऱ्या कुटुंबास गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी सुट्या पानांचाच वाण सुचवावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. पाकिटावरील भरदार गड्ड्याचे चित्र पाहून बी घेण्याचा मोह आवरावा. कोकणात तर थंडीच्या दोन महिन्यांपुरता हाच प्रकार घ्यावा.

पेरणीस ऑक्टोबरचा उकाडा ओसरू द्यावा. जमिनीचे तापमान ३० अंशांच्या वर गेले की या पिकाचे चांगले बीदेखील सुप्तावस्थेत जाते, आणि शेतकरी बियाणे विक्रेत्यास दोष देतो. घाई असल्यास बी ओल्या फडक्यात बांधून माठाजवळच्या गारव्यात ठेवावे व मोड दिसू लागताच पेरावे. बियास उगवणीसाठी उजेडही लागतो; म्हणून ते खोल न पेरता वर चाळलेल्या खताचा नुसता पातळ थर द्यावा. एका ग्रॅममध्ये सुमारे ८०० ते १,००० बिया असतात, तेव्हा चिमूटभर बी घरास पुरे. ते एकदम न टाकता दर पंधरा दिवसांनी थोडे थोडे टाकावे.

चार-पाच पानांची रोपे सायंकाळी लावावीत. सुट्या पानांसाठी ३० × ३० सेंटीमीटर, गड्ड्यासाठी ४५ × ३० सेंटीमीटर अंतर ठेवावे. मुळे उथळ असल्याने खुरपणी हलकी करावी, पाणी थोडे पण वरचेवर द्यावे.

ही पाने कच्ची खाल्ली जातात, ही गोष्ट पदोपदी ध्यानात ठेवावी. सांडपाणी वा नाल्याचे पाणी या वाफ्यास कदापि देऊ नये. शेणखत पूर्ण कुजलेलेच असावे. मावा दिसताच माखलेली पाने काढून नष्ट करावीत व निंबोळी अर्क फवारावा. विषारी औषधाच्या वाटेस जाऊ नये. काढणी सकाळच्या गारव्यात करून पाने स्वच्छ वाहत्या पाण्यात धुवावीत.

हे पीक बहुतांशी स्वपरागित असल्याने घरचे बी सहसा वाणाशी इमान राखते. मात्र ते कोणत्या झाडाचे धरावे, येथे गफलत होते. सर्वांत आधी दांडा धरणाऱ्या झाडाचे बी हाती लवकर येते, म्हणून तेच ठेवले जाते, व पुढील वर्षी सारा वाफा लवकर फुलतो. अशी झाडे उपटावीत. सर्वांत उशिरा फुलणारी दोन-तीन जोमदार झाडे खुंटी रोवून राखावीत आणि कापसासारखे तुरे दिसू लागताच ती कागदी पिशवीत झटकून बी घ्यावे.