आधी श्वास मोजा, मग सिरप!

पिल्लू खोकतंय, सोमवारी प्रेझेंटेशन आहे. मग आपणच डॉक्टरांना म्हणतो ना, 'जरा स्ट्राँग काहीतरी द्या'? लगेच अँटिबायोटिक! पण साधी सर्दी बहुतेक वेळा व्हायरसची. तिथे त्याचा काडीचा उपयोग नाही, जुलाब मात्र लागू शकतात.

मग गरज कधी? उत्तर आहे थेट गडचिरोलीत. जंगलातली गावं, डॉक्टर कोसभर लांब. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने १९८८ मध्ये तिथल्या काही गावांत आरोग्यदूत आणि दायांना बाळाचे श्वास मोजायला शिकवलं. आकडे न येणाऱ्या दायांसाठी मणी आणि वाळूचं घड्याळ! वेग जास्त, तरच को-ट्रायमॉक्साझोल. शेजारच्या गावांच्या तुलनेत इथले न्यूमोनियाचे बालमृत्यू ५४ टक्क्यांनी कमी निघाले. 'लॅन्सेट'ने १९९० मध्ये ते छापलं. (आजकाल अमॉक्सिसिलिन देतात.)

तुम्हाला मणी नकोत, मोबाइल आहे. मूल शांत असताना पूर्ण मिनिट मोजा. वर्षाच्या आत ५०, पाचपर्यंत ४० किंवा जास्त भरले, छाती आत ओढली जात असेल, तर मीटिंग सोडा आणि दवाखाना गाठा. दोन महिन्यांखालच्या बाळाला तर मोजत बसूच नका, थेट न्या.