बॅकअप: शब्द एक, अर्थ तीन

‘बॅकअप’ हा शब्द आज शिपायापासून कुलगुरूंपर्यंत सर्वांच्या तोंडी रुळला आहे. परंतु जो शब्द सर्वांच्या तोंडी असतो, त्याचा अर्थ तपासण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. परीक्षांचे निकाल, पगारपत्रके आणि बँकेतील खाती ज्या शब्दाच्या भरवशावर सोडली जातात, त्याच्या बाबतीत हा सैलपणा महागात पडणारा आहे.

या एका शब्दाखाली वस्तुतः तीन भिन्न व्यवस्था दडलेल्या असतात. एकच नोंद एकाच वेळी दोन तबकड्यांवर उमटविणे, ही पहिली. तिला आरसा म्हणतात आणि ते नाव यथार्थ आहे. कारण एक तबकडी बिघडली तर दुसरी कामी येते, पण चुकून पुसलेली नोंद आरशातूनही तत्क्षणी नाहीशी होते. ठराविक वेळी प्रत काढून ती वेगळी ठेवणे, ही दुसरी व्यवस्था. खरा बॅकअप तो हाच. कचेरीतील स्थळप्रतीशी त्याचे नाते जवळचे आहे. तिसरी अर्काइव्हची, म्हणजे दप्तराची. पुण्याच्या पेशवे दप्तरातील रुमाल ज्या हेतूने जपले जातात, तोच तिचा हेतू होय.

या भेदाचे महत्त्व फेब्रुवारी २०११ मध्ये दिसून आले. गूगलच्या प्रणालीतील एका दोषामुळे जीमेलच्या सुमारे ०.०२ टक्के ग्राहकांच्या टपालपेट्या रिकाम्या दिसू लागल्या. मजकुराच्या प्रती अनेक केंद्रांत होत्या, पण दोष त्या प्रतींपर्यंतही पोहोचला होता. अखेर टपाल परत मिळाले ते चुंबकीय फितींवरून. कारण त्या यंत्रणेपासून अलग होत्या.

ही फीत जुनाट म्हणून हिणवली जाते, ते योग्य नव्हे. आयबीएमने १९५२ मध्ये अर्धा इंच रुंदीची फीत आणली. आजच्या एलटीओ फितीची रुंदीही तेवढीच आहे. मात्र येथेही शब्द आणि आकडे पारखूनच घ्यावे लागतात. एलटीओच्या नवव्या पिढीतील फितीवर १८ टेराबाइट मजकूर मावतो. वेष्टनावर मात्र ४५ हाही आकडा झळकतो. तो मजकूर अडीच पटींनी आकुंचन पावेल, या गृहीतावर आधारलेला आहे. आधीच आकुंचित असलेली छायाचित्रे व चित्रफिती यांना ते गृहीत लागू पडत नाही. शिवाय फीत आणि ती वाचणारे यंत्र, अर्थात ड्राइव्ह, या दोन वस्तू आहेत. आठव्या पिढीचा ड्राइव्ह सहाव्या पिढीची फीत वाचू शकत नाही. ड्राइव्हची तरतूद न करता जपलेले दप्तर मुके ठरते.

तथापि, फीत असो वा तबकडी, खरी कसोटी वेगळीच आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका कर्मचाऱ्याच्या हातून मुख्य माहितीसाठा पुसला गेला. बॅकअप आणि प्रतिलिपी यांच्या पाच व्यवस्था कागदोपत्री होत्या. ऐन वेळी त्यांतील एकही विश्वासार्ह ठरली नाही. योगायोगाने सहा तासांपूर्वी काढलेली एक प्रत हाती लागली, म्हणून निभावले.

अर्थशास्त्राच्या भाषेत बॅकअप हा विम्याचा हप्ता आहे. हप्ता भरल्याची पावती म्हणजे नुकसानभरपाई नव्हे. म्हणून संस्थांनी आपल्या करारांत ‘बॅकअप घेतला जाईल’ एवढ्यावर समाधान मानू नये. माहिती किती वेळात परत मिळेल आणि तशी चाचणी शेवटची केव्हा झाली, हेही लिहून घ्यावे. नोंद परत मिळेपर्यंत बॅकअप हा केवळ एक शब्द असतो.