फोनवर गुळाचं गिऱ्हाईक कसं जोडाल?

ऊस आपला, गुऱ्हाळ आपलं, मग गिऱ्हाईक तरी दुसऱ्याचं का, असं म्हणून आपल्यापैकी बरेच जण फोनवरून गूळ विकू लागले आहेत. पण पहिल्याच हंगामात पुष्कळांचा हिरमोड होतो.

त्याचं एक कारण अगदी साधं आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ नंबर बसतात खरे. पण ज्यानं तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवला आहे, त्यालाच निरोप मिळतो. बाकीच्यांकडे तो पोचतच नाही, आणि तुम्ही मात्र ऑर्डरीची वाट बघत बसता. तेव्हा ढेप हातात देतानाच सांगा, "ताई, नंबर तेवढा गुऱ्हाळाच्या नावानं सेव्ह करा."

दुसरं, रोज नुसता भाव कळवू नका, माणसं वैतागतात. त्यांना काहील दाखवा. रसात भेंडीचं पाणी पडल्यावर मळी कशी वर येते, गुळव्या ती कशी काढतो, हे शहरात कुणी पाहिलेलं नसतं. "तुमचा गूळ काळपट का?" हा प्रश्न हमखास येणार. हायड्रॉसनं गूळ पिवळा उजळतो, आपण ते घालत नाही, हे काहिलीपाशी उभं राहूनच सांगा. शेजारच्या गुऱ्हाळाचं नाव मात्र घेऊ नका, उगाच भांडण!

यूट्यूबवर हजारोंनी पाहिलं म्हणून हुरळू नका. लांबच्या गावी ढेप पाठवायची तर भाडंच गुळाला खातं. दर महिन्याला गूळ नेणारी जवळची पन्नास घरं आधी जोडा. आणि पावसाळ्यात गुऱ्हाळ बंद असलं तरी आडसाली लागणीचा एखादा फोटो त्यांना पाठवत चला, नाहीतर दिवाळीपर्यंत लोक तुम्हाला विसरलेले असतात.